चाळीस सेकंद

घाटंजीतल्या आमच्या बियाणे संस्थेचा फाइल सर्व्हर उघडत नव्हता आणि अकरा वर्षांच्या पीक-नोंदी आत अडकल्या होत्या. त्यावरची प्रणाली जुनी, कुणालाच न येणारी. तो काय करतोय हे आम्हाला कळणार नव्हतं; नोंदी चोरून नेईल या धास्तीने यवतमाळहून दुरुस्तीला आलेल्या माणसाच्या हातांवरून आणि खिशावरून मी नजर काढली नाही.

त्याने खिशातला पेनड्राइव्ह माझ्यापुढे ठेवला. "घ्या भाऊ, कवापासून माह्या खिशाकडेच पाहून राह्यले."

मग म्हणाला, "नेटवर्क उठाच्या आधीच हा सर्व्हर फायली वाटाले बसते. याले जरा थांबाले शिकवतो." चाळीस सेकंद थांबण्याची एकच ओळ त्याने लिहिली आणि सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. मी घड्याळावर मोजलं; एकेचाळिसाव्या सेकंदाला फायली दिसल्या.

तो गेल्यावर त्या मी यादीशी दोनदा ताडल्या. सगळ्या २,३१६ होत्या. पेनड्राइव्हही टेबलावरच होता. परत कुणाला द्यायचा? नाव मी विचारलंच नव्हतं.