निघनारा काळा रंग

आमचे पेंटर गेले त्याला एकवीस दिवस झाले. परवा बाजारातल्या दुकानदारांनी शोकसभा घेतली. मला पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलं आन् एकेक जन उठून बोलू लागला. रेवणसिद्ध पेंटरसारखं अक्षर पुन्हा व्हनं न्हाई. लातूर जिल्हा झाला तवा निम्म्या गावाच्या पाट्या त्यांनी रंगवल्या. मानूस आसा की मुंगीला बी दुखवनार न्हाई. मी पदर तोंडाला लावला तर शेजारच्या बायांना वाटलं, शरणम्मा रडून राहिली. रडत कशाला व्हते मी! मुंगीचं म्हनाल तर खरं हाय, मुंगीला त्यांनी कधी दुखवलं न्हाई. माझ्या भावाचं काय केलं ते मात्र त्या सभेत कुनालाच ठावं नव्हतं. शेवटच्या रांगेत काठी घेऊन बसलेल्या माझ्या भावाला बी न्हाई. ते मी आता सांगते. मधी कुनी टोकू नका, माझं डोकं आधीच तापलेलं हाय.

अक्षर चांगलं व्हतं, ते खोटं कशाला बोलू. ब्याऐंशी साली उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा झाला, तवा ह्यांचे दिवस आले. शाळा, सोसायटी, अडत, लॉजिंग, जिथं तिथं ‘जि. उस्मानाबाद’ लिहिलेलं. ते खोडून ‘जि. लातूर’ करायचं. सकाळी शिडी खांद्यावर घेऊन जायचे ते दिवे लागल्यावर यायचे. एक पाटी झाली की चार पावलं मागं सरायचे, मान तिरकी करून बगायचे, आन् मनासारखं झालं की नुसतं “हां” म्हनायचे. मी बाजारातनं चालायची ती मान वर करून. ही पाटी माझ्या नवऱ्याची, ती बी माझ्या नवऱ्याची.

पन पाटी एकदा रंगवली की धा वर्सं तिकडं कोन बगतं? त्यात पावसानं तोंड फिरवलं. एक साल गेलं, दुसरं गेलं. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पानी न्हाई, मोंढ्यात माल न्हाई. दुकानदार पाटी कशाला रंगवतोय! मग ह्यांनी काळ्या रंगाचा डबा उचलला आन् आरटीओचं गाड्या पास करायचं मैदान व्हतं, त्याच्यासमोर लिंबाखाली जाऊन बसले. जिल्हा नवा, तसं ते मैदान बी नवं. तवा नियम व्हता, गाडीच्या म्होरच्या दिव्याची वरची अर्धी काच काळी पाहिजे. म्हंजे उजेड खाली रस्त्यावर पडतो, समोरून येनाऱ्याच्या डोळ्यात घुसत न्हाई. चांगला नियम व्हता. रात्रीचा परवास केलेल्या कुन्या मानसानंच केला आसंल.

ड्रायव्हर लोकांना तो नको व्हता. अर्ध्या काचेनं लांबचं दिसत न्हाई म्हनायचे. साहेब गाडी बगंस्तवर काळं पाहिजे, मैदानाच्या भाईर आलं की नको. तेलरंग काढायचा तर रॉकेल लावून ब्लेडनं खरवडत बसा. म्हून जो तो इचारायचा, “पेंटर, निघनारा हाय का?”

आमच्या हुशार मानसानं काढला निघनारा. काजळी आन् डिंकाचं पानी. वाळलं की तेलरंगच वाटायचा, आन् ओलं फडकं फिरवलं की काच लख्ख. काजळी कोन धरायचं? मी. चिमनीवर ताटली पालथी धरायची, खरवडून डबीत भरायची. लेकराच्या डोळ्यात घालायचं काजळ आसंच तर धरतात. हे मी आधीच सांगून ठेवते, मागून सांगितलं तर लपवलं म्हनाल.

निघनारा पक्क्याच्या दुप्पट खपायचा. एकदा मी म्हनलं, “अहो, ह्या गाड्या रात्री पुसलेल्या काचेनं पळतात. समोरच्याचं काय व्हत आसंल?”

हे म्हनले, “समोरचा बी पुसूनच आलेला आस्तो.” आन् हसले. मी बी हसले.

माझ्या पाठचा भाऊ वीरभद्र अहमदपूरला एका अडत्याचा टेम्पो चालवायचा. बिडी न्हाई, तंबाखू न्हाई, दारूचा तर वास बी खपायचा न्हाई त्याला. सकाळी आंघूळ करून कपाळाला विभूती लावायचा आन् उरलेलं बोट टेम्पोच्या स्टेरिंगला. अव्वा त्याला चिडवायची, “लगीन टेम्पोशीच लावून दिऊ का रं?” आमच्यात आईला अव्वा म्हनतात. अव्वा गावाकडं एकटीच राहायची, सत्तरीला टेकलेली. गावची हीर आटली आन् दोन घागरींसाठी ती कोसभर चालू लागली, तवा मीच भावाला निरोप धाडला. पाऊस पडंपर्यंत अव्वाला माझ्याकडं आनून सोड. दिवसा टेम्पो मालकाच्या कामाला, म्हून तो रातच्याला निघाला. अव्वाला म्होरं शेजारी बसवलं, मांडीवर तिचं गठुडं.

म्होरचं वीरभद्रनं जसं मला दवाखान्यात सांगितलं तसंच सांगते. चाकूरच्या अलीकडं एक बिनकठड्याचा पूल व्हता. तिथं समोरून पान्याचा टँकर आला. त्या साली टँकर रातंदिस पळायचे. टँकरचे दोन्ही लाईट फुल, काचा कोऱ्या. लाईट खाली कर म्हून वीरभद्रनं दोनदा डिप्पर मारला. टँकरवाल्यानं दाद दिली न्हाई.

“अक्का, डोळ्यासमोर समदं पांढरं झालं बग. रस्ता गेला, पूल गेला, स्टेरिंगवरचे माझे हात बी मला दिसंनात. ब्रेक मारला तवा चाक खाली गेलेलं.”

खाली कोरडा नाला, नुसते धोंडे. अव्वा जागच्या जागी गेली. वीरभद्रचा पाय मोडला. टँकर थांबला, ड्रायव्हर उतरला, वरनंच वाकून बगितलं आन् निघून गेला. जाताना मागच्या तांबड्या लाईटात टाकीवरचं मालकाचं नाव वीरभद्रला दिसलं. श्रीमंतराव. पडल्या जागेवरून वाचता आलं त्याला. येनारच की! अक्षर आमच्या पेंटरचं व्हतं.

आता माझ्या दारातलं ऐका. त्याच दिशी, उजाडायच्या आत, मी झाडत व्हते तवा एक टँकर दारापुढं येऊन उभारला. ड्रायव्हर व्यंकटी. श्रीमंतरावांच्या गाड्यांवरचा, आमच्या वळखीचा. म्हनला, “पेंटर, लाईटला पक्का लाव. आन् जुना दिसू दे, महिन्याभराचा.” मी त्याला च्या दिला. त्यानं बशी तशीच पायरीवर ठेवली आन् सारखा मागं रस्त्याकडं बगू लागला.

“काय झालं रं?” मी इचारलं.

“काय न्हाई वैनी. जागरन.”

ह्यांनी तेलरंगात पेट्रोल मिसळलं, लवकर वाळावा म्हून. अर्धी काच रंगवली. वरनं मूठभर फुफाटा फुकला. खिळ्यानं दोन ठिकानी बारीक चरे पाडले. मग चार पावलं मागं सरले, मान तिरकी केली आन् म्हनले, “हां.” टँकर गेला. नऊ वाजता अव्वाची बातमी आली.

वीरभद्रनं मालकाचं नाव सांगितलं व्हतं, म्हून दुपारी पोलिसांनी टँकर तपासला. दिव्यांची अर्धी काच काळी, रंग जुना, वर धूळ, समदं नियमात. व्यंकटीनं जबाब दिला की समोरच्याला झोप लागली आसंल, त्याची गाडी आपोआप खाली गेली. तेच लिहून घेतलं. गुन्हा वीरभद्रवर. आमच्या रीतीनं अव्वाला बसवून माती दिली तवा तिचा पोटचा पोरगा दवाखान्यात, पायाला वजन बांधलेलं, दाराशी शिपाई. मातीला आलेली मानसं माघारी जाताना काय बोलून राहिली ते मी ऐकलं. पोरानं झोपेत आईला मारली.

रात्री मी ह्यांना धरलं. “सकाळचा टँकर तोच ना?”

ह्यांनी मान हालवली.

“मंग सांगा की जाऊन! माझ्या भावाची काय चूक हाय ह्यात?”

“सांगतो. जरा दम धर.”

दम धरला. पंधरा दिवस गेले आन् श्रीमंतरावांचा मानूस आला. त्यांच्या समद्या टँकरवर नवीन अक्षरं टाकायची व्हती, ‘पिण्याचे पाणी’, आन् खाली ‘जि. लातूर’. तीन महिन्यांचं काम. हे ब्रश धुवायला बसले. मी डबा लाथेनं उडवला. तवा तोंड उघडलं त्यांनी. “मी बोललो तर मीच आत जातो, शरणम्मा. आजवर कुना-कुनाला निघनारा लावला ते बी निघंल. लेकरं कोन पोसंल? वीरभद्र एकटा जीव हाय, सहा महिन्यात सुटून येतो.”

“आन् अव्वा येती का सुटून?” मी म्हनलं. लई बोलले. भाड्या म्हनलं, भेकड म्हनलं, आजवर नवऱ्याला कधी बोलले न्हाई ते बोलले. दोन दिवस चूल पेटवली न्हाई. लेकरं शेजाऱ्याकडं जेवली. तिसऱ्या दिवशी पेटवली. त्या चुलीवर शिजलं ते टँकरवरच्या अक्षरांचं व्हतं, आन् मी बी खाल्लं.

कोर्टात तारखेला आमी दोघं गेलो. मागच्या बाकावर बसलो. वीरभद्र कुबडी घेऊन उभारला आन् पुन्हा तेच सांगू लागला, लाईट डोळ्यावर आला, पांढरं झालं. मागं कुनीतरी खुसकन हसलं. तवा त्यानं वळून आमच्याकडं बगितलं. त्याचं तोंड उजळलं, मदतीला आपलं मानूस सापडल्यागत. म्हनला, “दाजी, तुमी तर गाड्यांच्या लाईटाचंच काम करता. तुमीच सांगा, आशा लाईटानं मानूस आंधळा व्हतो का न्हाई?”

ह्यांनी खाली बगितलं. नखात काळा रंग बसला व्हता, तो दुसऱ्या नखानं कोरत राहिले. जज्जसाहेबांनी वीरभद्रला गप केलं. सहा महिने सजा झाली, लायसन गेलं.

आता तुमी म्हनाल, बाई, त्यानं तोंड शिवलं व्हतं, तुझं कुनी शिवलं व्हतं? टँकर तू बी बगितला. च्या तू दिला. हाव. मला बी तोंड व्हतं, पाय व्हते, साहेब धा पावलांवर बसलेले. मी उठले न्हाई. पदराचं टोक पिळत बसले. एकवीस दिवस मी मेलेल्या मानसाला शिव्या देऊन राहिले, ते उगीच न्हाई. त्यांच्यावरून नजर काढली की ती माझ्यावर येती.

वीरभद्र सुटून आला तो लंगडत. टेम्पो कोन देतं? लगीन ठरत आलेलं व्हतं ते मोडलं. आईला झोपेत मारनाऱ्याला कोन पोरगी देईल? उदगीरला एका गोदामावर वाचमन म्हून लागला. रातभर जागायचं काम. म्हनायचा, “बरं हाय अक्का. झोप येतच न्हाई मला.” दर वर्सी अव्वाच्या दिवसाला यायचा, माझ्या लेकरांना खाऊ आनायचा, आन् ह्यांच्यासाठी पानाचा इडा. दाजींना इडा आवडतो म्हून उदगीरहून बांधून आनायचा तो. हे खायचे.

धाव्या वर्साला आला तवा माझ्यासमोर बसला. मग म्हनला, “अक्का, धा वर्सं झाली, रोज रात्री इचार करून राहिलो. मला वाटतं, झोपच लागली आसंल मला.”

“आसं का म्हनतू रं?”

“इतके लोक खोटं कशाला बोलतील? टँकरची काच तर काळी व्हती. पोलिसांनी हात लावून बगितली. काळ्या काचेतनं तसा उजेड येईल का? मलाच सपान पडलं आसंल लाईटाचं. अव्वाला मीच मारलं, अक्का.” आन् त्यानं माझ्या पायावर डोकं ठेवलं. “मला माफ कर. तू माफ केलं तर मला झोप लागंल.”

आतल्या खोलीत हे कुन्या पतसंस्थेची पाटी रंगवत व्हते. डब्याच्या काठावर ब्रश निपटल्याचा आवाज येत व्हता, तो थांबला. मला वाटलं, आता उठतील. आता भाईर येतील आन् सांगतील. मी दाराकडं बगत राहिले. माझ्या बी गळ्यापर्यंत आलं व्हतं, आई शप्पथ. काजळी, फुफाटा, खिळा, समदं. एक शब्द काढायचा व्हता. मग वाटलं, एक काढला तर दुसरा काढावा लागंल, आन् तो इचारंल, अक्का, तुला कधीपासून ठावं हाय?

आत ब्रश पुन्हा चालू झाला.

मी वीरभद्रच्या डोक्यावर हात ठेवला. म्हनलं, “ऊठ. माफ केलं तुला.”

लहान लेकरावानी रडला तो. डोळे पुसले, हातपाय धुतले आन् त्या दिशी माझ्या हातच्या तीन भाकरी खाल्ल्या. मग भिंतीकडं तोंड करून आडवा झाला तो दिवस मावळंस्तवर निजला.