गंज न चढणारी चेन

विटा-सातारा एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. परमुलखात तीस वर्षं सोनं गाळून गावी परतलेला माणूस. खोकल्याची उबळ आली की खिशातून गुळाचा खडा काढून तोंडात टाकायचा. मी सकाळीच मोबाइलवर आरोग्यावरचा एक लेख वाचला होता, त्यामुळे गप्प बसणं शक्यच नव्हतं. ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ म्हणजे धुरानं, ताणानं पेशींना चढणारा गंजच, असं समजावून मी त्याला रोज आवळा, ग्रीन टी आणि मोकळी हवा घ्यायला सांगितलं.

त्यानं नम्रपणे मान डोलावली. मग माझ्या गळ्यातल्या चेनकडे बघत म्हणाला, “सोन्याला गंज चढत न्हाई बगा सायेब. तेजाबाचा धूर आमी छातीत घेतो, तवा ते असं चमकतंय.”

मोकळ्या हवेसाठी उघडी ठेवलेली शर्टाची बटणं मी गळ्यापर्यंत लावून टाकली.