पाटात सोडलेलं पाणी

गिरीज गावातल्या आमच्या वाडीत पोहण्याचा तलाव आहे, हे सांगताना मला अजूनही ओशाळायला होतं. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलं आणि मुलाने हौसेने तलाव बांधून दिला, तोही वाडीतलं बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं जुनं तळं, बुजवून. ते आटायलाच लागलं होतं, असं मी विचारणाऱ्यांना सांगते. ते पूर्ण खरं नाही.

तलावाची देखभाल माझ्याकडे आली, कारण पस्तीस वर्षं मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. रोज सकाळी दोन नळ्यांत पाणी घ्यायचं, एकीत थेंब टाकून क्लोरीन बघायचं, दुसरीत पीएच. एकीचा रंग फिकट पिवळा आणि दुसरीचा गुलाबी आला की पाणी पास. निवृत्त बाईला रोज कुणाला तरी पास-नापास करायला मिळत होतं, त्यामुळे मी त्या कामावर बेहद्द खूश होते.

त्या मे महिन्यात आठवडाभर बहिणीकडे अर्नाळ्याला राहून आले, तर तलाव हिरवागार. रविवारी नातवंडं यायची होती. मी मगाने क्लोरीनची पावडर ओतली. पाणी हिरवंच. आणखी ओतली. आमच्या विहिरीचं पाणी मुळात क्षारांचं, त्याचा पीएच चढलेला, आणि तसल्या पाण्यात क्लोरीन आळशी होतं, हे नववीतलं पोरही सांगेल. मी दुसरी नळी बघितलीच नव्हती. शुक्रवारी बघितली, मग घाईने ॲसिड ओतलं, आणि तोवर घातलेलं सगळं क्लोरीन एकदम जागं झालं. पाणी दुधट, डोळ्यांना झोंबणारं, नळीतला रंग विटेसारखा. दोन-तीन दिवस उघडं उन्हात राहू दिलं असतं तर क्लोरीन आपोआप उडून गेलं असतं. पण मला रविवार गाठायचा होता.

ताजं पाणी भरायचं म्हणून मी अर्धा तलाव उपसायला घेतला. पाणी गटारात सोडता आलं असतं. पण वाडीतल्या माणसाचा हात तिकडे वळत नाही. आमच्याकडे भांडी विसळलेलं पाणीसुद्धा अळवाला जातं. मी पंपाचा पाइप पाटात टाकला. तो पाट पुढे शेजारच्या काकूंच्या विड्याच्या पानवेलींतून जातो, आणि आमच्या वाडीचं उरलेलं पाणी त्यांच्या वेलींना मिळतं, हे माझ्या सासऱ्यांच्या काळापासून चालत आलेलं. भर मे महिन्यात एवढं पाणी बघून काकू खूश होतील, असंही मला वाटलं.

मंगळवारी काकू कुंपणाशी आल्या. सत्तरी उलटलेली बाई, पण हाक खणखणीत. "बाय, तू शिकलेली हायस. जरा वेली बघ येऊन."

चपला बाहेर काढून मी आत गेले. पानवेलींत चपला चालत नाहीत, आणि पाळी आलेली बाई तर मुळीच चालत नाही, हा त्यांचा नेम. पाटाला लागून असलेल्या चार ओळींची पानं कडेने करपली होती, वेली माना टाकून होत्या. लांबच्या ओळी हिरव्या. मला क्षणात कळलं. काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"उन्हाचा ताव असेल," मी म्हणाले.

का म्हणाले? भीतीने. बाईंचं चुकलं, हे पस्तीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

काकूंना उन्हाचं पटलं नाही. उन्हाळे त्यांनी कमी बघितले नव्हते. त्यांनी आळ सुनेवर घेतला. ती जूचंद्र गावची, मिठागर आणि भातशेतीच्या घरातली. वेली बांधायला इथे येऊन शिकली आणि काकूंपेक्षा हलक्या हाताने बांधायला लागली. नको त्या दिवसांत ती आत गेली, म्हणून वेली जळल्या, असं काकूंनी ठरवलं आणि तिला वेलींत पाय ठेवायला बंदी केली.

सून माझ्याकडे आली. "बाई, मी नाय गेली आत. तुम्ही सांगा ना त्यांना, तुमचा ऐकतील."

मी गेले आणि काकूंना अर्धा तास व्याख्यान दिलं. पाळी म्हणजे काय, शरीरात काय होतं, वेलीला त्याचा काही संबंध कसा नाही. सगळं अचूक होतं. काकूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग कशानं मेल्या?"

मी म्हणाले, "ते बघावं लागेल." इतकं हलकट वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललेले नाही.

चार-पाच दिवसांनी सून पुन्हा आली आणि तलावाच्या काठाशी उभी राहिली. "बाई, माझीच तारीख चुकली असंल मोजताना. गेली असंन मी."

न केलेला गुन्हा ती कबूल करत होती, आणि तो माझा होता. मला माझी किळस आली. मी तिथेच तिला सगळं सांगितलं आणि तिचा हात धरून काकूंकडे नेलं. पावडर, ॲसिड, पाइप, पाट, काही गाळलं नाही.

काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तुझं मन मोठं हाय, बाय. सुनेवरचा आळ आपल्या अंगावर घेतेस. पण पाण्यानं कुठं वेल मरते? पाणी तर आम्ही मागून घेतो."

मी परत सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या, आणि निघताना वाचलेल्या वेलींची पानं खुडून माझ्या ओंजळीत घातली.

सून मला कुंपणापर्यंत सोडायला आली. "तुम्ही पयल्या दिवशी बोलल्या असत्या, तर पटला असता त्यांना," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मग ती मागे वळली. काकू टोपलीत नव्या वेली घेऊन करपलेल्या ओळींत शिरत होत्या. सून बाहेरच थांबली.