मीटरवरची टिकली

पिंगळीत आमच्या गाडीला ‘बिनछपराची’ म्हणतात आणि आमचे हे तिला ‘स्पोर्ट कार’ म्हणतात. मी दोन्ही ऐकून घेते. हे म्हणजे माझा नवरा. रस्त्याच्या कडेला आमचं गॅरेज आहे आणि घर गॅरेजच्या मागं. ही गाडी ह्यांनी आणि माझ्या धाकट्या भावानं मिळून केली. भंगारातून जुनी चार दारांची गाडी आणली, तिचं छप्पर कापलं, मधला तुकडा काढून ती आखूड केली, लहान चाकं बसवली आणि दोनच सीट ठेवल्या. दिसायला बरी झाली, नाही म्हणत नाही. पण इंजिन जुनंच होतं. ते पहिल्याच उन्हाळ्यात जाम झालं आणि गाडी ताडपत्रीखाली गेली.

भाऊ वालूरला मायजवळ राहायचा. आमच्या माहेरी शेळ्या-मेंढ्यांचा धंदा, आणि त्याच्याकडं जनावरं बाजाराला न्यायची पिकअप होती. जनावरांची गाडी चालवणं ही वेगळीच विद्या आहे. शेळ्या मागं उभ्या असतात. ब्रेक जोरात लागला की एकमेकींवर पडतात, पाय मोडून घेतात. गाडी नीट चालली तर थोड्या वेळानं त्यांना भरवसा येतो, मग त्या खाली बसतात आणि रवंथ करायला लागतात. मला गाडी त्यानंच शिकवली, मागं शेळ्या भरून. शेजारी बसून सारखा मागच्या जाळीतून बघायचा आणि म्हणायचा, “ताई, अजून उभ्याच हायेत.” ज्या दिवशी त्या बसल्या त्या दिवशी म्हणाला, “झालीस तू डायवर. लायसन काय, ते मिळंल.”

तो गेला तो त्या पिकअपमधून नाही. जिंतूरच्या रस्त्यावर, दुसऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसला असताना. वेग फार होता, एवढंच आम्हाला कळलं. त्याबद्दल जास्त लिहायला बसले की माझा हात चालत नाही, म्हणून इथंच थांबते.

त्यानंतर माय कुठल्याच गाडीत बसली नाही. एसटी नको, रिक्षा नको, जीप तर नकोच. शेतात पायी, देवळात पायी, आणि पायी जाता येत नाही तिथं जायचंच नाही. माझ्या घरचा उंबरा तिनं तेव्हापासून ओलांडला नव्हता. वाटलं, दुःख आहे, ओसरेल. पण तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत गेला. उजवा तर पार पिकला. ऑपरेशन परभणीलाच व्हायचं होतं आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, फार लांबवू नका. मी वालूरला जाऊन हात जोडले, रागावले, रडले. माय एकच बोलली, “त्याची गाडी असती तर बसले असते, बाई. दुसऱ्या कशात माझा जीव बसत न्हाई.”

मी घरी येऊन भांडी आपटली. ह्यांनी मात्र ते वाक्य मनात ठेवलं.

भावाची पिकअप माहेरच्या अंगणातच उभी होती. वर्षानुवर्षं शेळ्यांचं मूत झिरपून तिची खालची सगळी चौकट गंजून गेली होती; बोट लावलं की पापुद्रे पडायचे. इंजिन मात्र ठणठणीत होतं. ह्यांनी ते गियरबॉक्ससकट काढून आणलं आणि ताडपत्रीखालच्या गाडीत बसवलं. पेट्रोलच्या नाजूक गाडीत पिकअपचं डिझेल इंजिन! येणारे-जाणारे म्हणायचे, “शेळीच्या पोटात रेडा घातला.” हे हसायचे आणि काम करत राहायचे. महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

गाडी सुरू झाली, आणि आम्ही ती मोठ्या उमेदीनं वालूरला नेली. माय दारात उभी होती. गाडी रस्त्यावरून येत होती तेव्हाच तिनं कान टवकारले. जवळ आली, बॉनेटवर तळवा ठेवला, ह्यांना म्हणाली, “जावई, जरा पळवून दाखवा.” ह्यांनी वेशीपर्यंत नेऊन आणली. गाडी जेमतेम चाळीसला पोचली नाही तोच इंजिन किंचाळायला लागलं. वेशीपासून घरापर्यंत नुसता आक्रोश.

माय मागं सरली. “हे त्याचं न्हाई. त्याचं इंजिन असं कधी वरडत नव्हतं. आडलेली शेळी वरडावी तसं वरडायलंय. बंद करा आधी.”

परत येताना हे पूर्ण रस्ताभर इंजिनाकडं कान लावून गाडी चालवत होते. घर आल्यावर म्हणाले, “मामींचं बरोबर हाय. इंजिन त्याचंच हाय, पण त्याला पळायला लागायलंय. चूक मागच्या क्राउनची.”

मला त्यांनी गॅरेजच्या फरशीवर खडूनं काढून दाखवलं. इंजिनाचा जोर एका लांब दांड्यानं मागं जातो. तिथं लहान दातेरी चाक, त्याला पिनियन म्हणायचं, मोठ्या दातेरी चाकाला, म्हणजे क्राउनला, फिरवतं. आणि क्राउनमुळं गाडीची चाकं फिरतात. आमच्या गाडीची जोडी होती नऊ-एकेचाळीस दातांची. म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिनाच्या बाजूचा दांडा साडेचार वेळा फिरवावा लागायचा. जुन्या पेट्रोल इंजिनाला ती धावपळ झेपायची. डिझेल इंजिन मुळात सावकाश चालणारं. त्यात चाकं लहान, मग आणखीच फेरे. “आपण बैलाला टांग्याला जुंपलंय,” हे म्हणाले. “त्याला त्याच्या चालीनं चालू दिलं पायजे.”

पिकअपचं स्वतःचं क्राउन ह्या गाडीच्या हाउसिंगमध्ये, म्हणजे मागच्या लोखंडी पेटीत, मावत नव्हतं. म्हणून ह्यांनी परभणीचा भंगारबाजार पालथा घातला आणि अकरा-त्रेचाळीसची जोडी घेऊन आले; हिला चाकाच्या एका फेऱ्यामागं दांड्याचे चारही फेरे लागत नव्हते. जोडीच घ्यायची असते. दोन्ही चाकांचे दात एकमेकांवर झिजून बसलेले असतात, एक इथलं आणि एक तिथलं चालत नाही. “नवराबायकोसारखं,” हे म्हणाले. “झिजून झिजूनच जमतं.” मी म्हटलं, “झिजले मी. तुमी आहात तसेच आहात.”

जोडी बसवताना ह्यांनी मला शेंदूर आणायला पाठवलं. मारुतीला लावतात तोच. दुकानदारानं विचारलं, “आज शनवार न्हाई, ताई?” मी सांगितलं, आमच्या घरी गाडीचं अंग मारुतीचं आहे. हे तो शेंदूर तेलात कालवतात, क्राउनच्या दातांवर लावतात आणि चाक हळूहळू फिरवतात. दात जिथं एकमेकांना भिडतात तिथला शेंदूर पुसला जातो. ती खूण दाताच्या मधोमध आली तर काम बरोबर; वर किंवा खाली आली तर पातळ पत्र्याची चकती घालून पुन्हा सगळं उघडायचं. किती वेळा उघडलं ते मी मोजलं नाही. जेवायला हाक मारली तर आतून आवाज यायचा, “थोडं वर हाय अजून.” शेवटी एका दुपारी हे शेंदरानं माखलेले हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले आणि नुसते हसले. इतका दमलेला आणि इतका आनंदी माणूस मी फार दिवसांनी बघितला. मला त्यांचा फार लोभ वाटला, आणि मी ते त्यांना सांगितलंसुद्धा. ते लाजले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वालूर. ह्या वेळी मी गाडी चालवली आणि हे मोटारसायकलवर मागून आले. काम नवीन होतं, वाटेत काही झालं तर धावपळ करायला दुसरी गाडी हवी होती. माय ओट्यावर बसली होती. मी वेशीपर्यंत गेले आणि आले. इंजिन घुमत होतं, दमत नव्हतं. परत आले तर माय उभी राहिली होती, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

“ह्योच,” ती म्हणाली. “बाजारातून माघारी यायचा तवा असाच आवाज यायचा.”

पण ती लगेच बसली नाही. आधी मला जवळ बोलावलं, माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. “पन्नासच्या वर न्हाई. शपथ घे.” मी घेतली. दोन दिवसांनी न्यायला येते असं ठरलं.

त्या दिवशी पिंगळीला परतताना मी काट्यावरची नजर हलू दिली नाही. पन्नास म्हणजे पन्नास. वाटेतलं परभणी सोडल्यावर हे मोटारसायकल दामटत पुढं आले आणि हात करून मला थांबवलं. तोंड लालबुंद.

“मामींच्या डोक्यावरचा हात अजून वाळला न्हाई, आन् तू साठनं पळवायलीस?”

“मी पन्नासला होते! डोळे फुटले का तुमचे?”

“माझ्या गाडीचा काटा साठाला टेकला होता तुझ्या मागं येताना!”

“मग तुमची गाडी खोटारडी!”

रस्त्याच्या कडेला आम्ही चांगलेच भांडलो. कापूस भरलेला एक टेम्पो तर मजा बघायला हळू झाला. आणि मग बोलता बोलता ह्यांनी वाक्य अर्धवट सोडलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मीटरची केबल गियरबॉक्समधून येते, क्राउनच्या अलीकडून. दांड्याचे फेरे मोजते, चाकांचे नाही. नव्या जोडीमुळं दांडा तेवढ्याच रस्त्याला कमी फिरतो, म्हणून मीटरही कमी दाखवतो. इंजिन बसवलं तेव्हा ह्यांनी मीटर जुळवून घेतला होता. क्राउन बदलल्यावर विसरले. इंजिन ओरडत नव्हतं, काटा खोटं बोलत होता, आणि मायच्या डोक्याची शपथ माझ्या हातून नकळत मोडली होती. मी तिथंच बांधावर बसले.

मीटरची लहान ग्रारी, म्हणजे केबल फिरवणारं दातेरी चाक, मागवायची तर आठवडा जाणार होता, आणि ऑपरेशनची तारीख ठरली होती. हे मोटारसायकल घेऊन पुढं झाले आणि मी त्यांच्या वेगानं मागं. बरोबर पन्नास धरून त्यांनी हात वर केला, आणि मी माझा काटा बघितला. तो चाळिसाच्या थोडा पुढं होता. गाडी थांबवून मी कपाळावरची टिकली काढली आणि तिथं, मीटरच्या काचेवर, चिकटवली. मीटर मधोमध आहे, शेजारच्यालाही दिसतो. हे म्हणाले, “दुसरी लाव आता. मोकळं कपाळ बरं दिसत न्हाई.” मी म्हटलं, घरी गेल्यावर.

मायला मी सगळं खरं सांगितलं. काटा कसा चुकला, मी कशी चुकले, टिकली कशासाठी. तिला बारीक आकडे दिसत नव्हते, पण लाल ठिपका आणि त्याच्याकडं सरकणारा पांढरा काटा डाव्या डोळ्यानं दिसायचा. वालूरपासून परभणीपर्यंत ती दाराची कड घट्ट धरून, ताठ, अर्धी सीट रिकामी ठेवून बसली. काटा टिकलीजवळ आला की तिचा श्वास थांबायचा. मी पाय उचलला की सुटायचा. माझ्या मनात सारखं येत होतं, अजून उभीच आहे.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, काळा चष्मा मिळाला. बिनछपराच्या गाडीत काळा चष्मा लावून, डोक्यावरचा पदर कानामागं खोचून माय बसली, तेव्हा दवाखान्याच्या फाटकातला वॉचमन उभा राहून बघायला लागला. आता वाट माझ्या घराची होती. हे मोटारसायकलवर मागं.

शहर संपलं. माय मीटरकडं वाकली. “हे आकडे व्हय? मला वाटायचं नुसत्या रेघा हायेत.” मग शेतांकडं बघत राहिली. इंजिन एका लयीत घुमत होतं. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की तिनं दाराची कड सोडलीय. ती मागं टेकली, चपला काढल्या, पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घालून बसली. तोंडात सुपारीचं खांड टाकलं. मला रस्ता धूसर दिसायला लागला. मी पदरानं डोळे पुसले.

मग तिनं वाकून काचेवरची टिकली नखानं सोडवली. मला वाटलं, वाऱ्यानं सुटली म्हणून दाबते आहे. पण तिनं ती बोटाच्या टोकावर धरली, काट्याकडं नीट बघितलं, आणि पुढं, पन्नासाच्या आकड्यावर, अंगठ्यानं दाबून बसवली.

“इथवर जाऊ दे,” ती म्हणाली. “त्याला दम लागत न्हाई आता.”

मी काटा टिकलीपर्यंत नेला.

दारात गाडी उभी केली तर मागून हे आलेच, उतरायच्या आधीच ओरडत, “साठ! पुन्हा साठनं आणलीस! मामी शेजारी असताना!” मी काही बोलायला तोंड उघडलं, तोवर माय गाडीतून उतरली होती.

“तिला बोलू नका, जावई,” ती म्हणाली. “टिकली म्या हलवली.”

आणि चपला हातात घेऊन, काळ्या चष्म्यातून खाली बघत, माझ्या घरचा उंबरा ओलांडून ती आत गेली.