एक कान बोयाला, एक कान साहेबाला

आमच्या ह्यांना डावीकडून हाक मारा, हे उजवीकडे बघतात. उजवीकडून मारा, तरी उजवीकडेच. आमची चारुता बारावीत आहे, तिने त्याचा खेळच केला होता. "पप्पा, अदर साइड!" म्हणून खिदळायची. मीही हसायचे. आता ते हसू आठवलं की माझीच मला लाज वाटते.

हे म्हणजे माझे यजमान, रत्नाकर. मूळचे वेंगुर्ल्याचे, वीस वर्षं नौदलात काढली. आता आम्ही सौदीत अल-खोबरला राहतो आणि हे रोज कंपनीच्या बसने जुबेलकडच्या एका प्लांटवर जातात. काम काय, तर कानाला हेडफोन लावून पाइपांमधली गळती शोधायची. बारीक फटीतून वायू निसटताना असा आवाज करतो म्हणे, की नुसत्या कानाला तो ऐकूच येत नाही. ह्यांच्या हातातलं यंत्र तो पकडतं. ही नोकरी मिळाली तीच नौदलातल्या कानांच्या जोरावर.

तिथे हे टुपोलेव्हवर होते. सोव्हिएत काळातलं अवाढव्य विमान, चार इंजिनं आणि एकेका इंजिनाला उलटसुलट फिरणारे दोन-दोन पंखे. काम पाणबुड्या हुडकायचं. बारा-बारा तास समुद्रावर फिरायचं आणि वरून बोये टाकायचे. बोया पाण्यात पडला की खाली माइक सोडतो आणि पाण्यातलं जे काय कानावर येईल ते रेडिओने विमानात पाठवतो. विमानात ह्यांच्यासारखी माणसं हेडफोन लावून बसलेली. कोळंबीची कटकट, मालवाहू जहाजाची धडधड आणि त्या गोंधळात कुठेतरी पाणबुडीचा पंखा. तो ओळखण्यात ह्यांचं नाव होतं. उगाच नाही सांगत.

पण त्या विमानाचा आवाज, बाई गं! अरक्कोणमच्या नौदल तळावर आमच्या क्वार्टरमध्ये ताटल्या वाजायच्या. आत बसणाऱ्यांनी दोन्ही कान झाकायचे असा नियम होता. हे ऐकतील तर शपथ! उजव्या कानावर बोया, डावा कान उघडा. कारण साहेब मागे उभा राहून ओरडायचा आणि इंटरकॉमपेक्षा ते लवकर कळायचं. "एक कान बोयाला, एक कान साहेबाला," असं मोठ्या ऐटीत सांगायचे. वीस वर्षांत त्या पंख्यांनी साहेबाचा कान खाऊन टाकला.

मला हे कळलं गेल्या वर्षी. कंपनीची वार्षिक तपासणी होती, त्यात कानांची टेस्ट. हे घरी आले ते हसतच. काचेच्या खोलीत बसवतात, हेडफोनमध्ये पीं वाजलं की हात वर करायचा. डाव्या कानाला काही म्हणता काही ऐकू आलं नाही. पण काचेपलीकडे सिस्टर बटण दाबताना तिचं कोपर जरासं उचलायचं. "बारा-बारा तास पडद्यावरची एक रेघ बघत बसणारा माणूस मी, मला कोपर दिसणार नाही?" म्हणाले. पास झाले. आणि मी काय केलं? मी शिरा केला. चारुताची बारावी व्हायची होती, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, टिकायला हवा होता, एवढंच माझ्या डोक्यात. माझ्यासारखी मूर्ख बाई शोधून सापडायची नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी फोन आला. "सुनेत्रा, शारीक पडला." एवढंच बोलले आणि फोन ठेवला.

शारीक म्हणजे ह्यांचा जोडीदार, मालेगावचा, दोन मुलींचा बाप. सहा वर्षं दोघं एकत्र काम करतात. आमच्याकडे जेवायला आला की सगळ्यांना सांगणार, "भाभी, भाई तो मछली की खाँसी भी सुन लेते हैं." अख्ख्या प्लांटवर ह्यांच्या कानाची कीर्ती त्यानेच पसरवली.

झालं होतं ते असं. चौघंजण पाइपांच्या गर्दीत उभे होते, हेडफोन काढलेले. एकाएकी कुठूनतरी फुस्स असा मोठा आवाज सुरू झाला. तिथला वायू सडक्या अंड्यासारखा वास मारतो, आणि जास्त झाला की वासही कळेनासा होतो, इतका घातकी. वारा दाखवणारी कापडी नळी टाकीच्या आड होती. कुठे पळायचं? तिघांनीही ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांना आवाज उजवीकडून आला. दुसरीकडून येणार कसा? तेवढा एकच कान जिवंत. हे ओरडले, "डावीकडे पळा!"

गळती डावीकडेच होती.

शारीक सगळ्यात पुढे होता. वीस पावलांवर कोसळला. ह्यांनी श्वास कोंडून त्याला काखेत धरून मागे ओढलं, तोवर कुणीतरी व्हॉल्व्ह बंद केला. शारीक दोन दिवस हॉस्पिटलात होता, पण वाचला. चौकशीत निघालं की पाइपाच्या सांध्यातलं जुनं पॅकिंग सुटलं होतं, कुणाची चूक नाही. हे भलत्या बाजूला ओरडले ते गडबडीत झालं, असं सगळ्यांनी धरलं. उलट साहेबांनी ह्यांची पाठ थोपटली, साथीदाराला ओढून आणलं म्हणून! पाठ थोपटून घेऊन घरी आलेला माणूस सोफ्यावर बसला तो बूटही न काढता. मला सगळं सांगितलं ते त्या संध्याकाळी.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. सकाळी बस गेली की मी फोन समोर ठेवून बसायचे. शेजारणीची बेल वाजली तरी धस्स व्हायचं. चारुताने एकदा चुकून "अदर साइड" म्हटलं तर मी तिच्यावर अशी खेकसले की पोरगी रडायला लागली.

मग शुक्रवारी शारीकचा फोन आला. आवाज अजून बसलेला. "भाभी, परसों से ड्यूटी पर हूँ. साहब को बोल दिया, मुझे भाई के साथ ही रखो. उनके पीछे रहूँगा तो कुछ नहीं होगा."

उनके पीछे! अहो, त्या माणसाला मारायला निघालेलो आम्हीच, आणि तो आमचे आभार मानत होता.

फोन ठेवला आणि मी ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, उजव्या बाजूला. म्हटलं, "कंपनीला सांगा."

"सांगितलं तर संपलं. मार्चमध्ये पोरीची परीक्षा आहे. मी सावध राहीन."

"सावध? कोणत्या कानाने?"

त्यांनी डावा कान चोळला. मग एकदम लहान तोंड करून म्हणाले, "मला भीती वाटते, सुनेत्रा. ऐकता येत नसेल तर मी दुसरं कोण आहे?" वीस वर्षं समुद्रावर फिरून हा माणूस कधी असं बोलला नव्हता. मला रडू फुटलं. पण मी मागे हटले नाही. म्हटलं, "शारीकच्या मुलींना काय सांगाल ते आत्ताच ठरवून ठेवा."

शनिवारी आम्ही कंपनीच्या त्याच क्लिनिकमध्ये गेलो. तीच मल्याळी सिस्टर, तीच काचेची खोली. खोलीचं दार नीट लागत नव्हतं, बोटभर फट राहायची. मी सिस्टरला सांगणारच होते, पण हे माझ्याआधी आत गेले, खुर्ची उचलली आणि काचेकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसले. सिस्टर म्हणाली, "सर, ऐसे क्यूँ?" हे म्हणाले, "ऐसे ही ठीक है."

उजव्या कानाची टेस्ट झाली, हात पटापट वर जात होता. मग डावा कान. उजव्याने मदत करू नये म्हणून सिस्टरने त्याच्यात नुसती खरखर सोडून ठेवली. सिस्टरने बटण दाबलं. हात मांडीवरच. आवाज वाढवला, पुन्हा दाबलं. काही नाही. ती माझ्याकडे बघायला लागली आणि आवाज वाढवतच गेली, वाढवतच गेली, शेवटी दाराच्या त्या फटीतून मला बाहेर बाकावर बसून स्पष्ट ऐकू आलं, पीं, पीं, पीं.

हे भिंतीकडे बघत शांत बसले होते, डाव्या कानाची टेस्ट कधी सुरू होते याची वाट बघत.