मंडईचे दोन पाहुणे आणि मामाजींचं तिकीट

आमच्या मामाजींची राजकीय कारकीर्द विरोधकांनी संपवली नाही. ती मी संपवली, आणि तीही पाहुण्यांच्या ताटात वडे वाढता वाढता.

मामाजी म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. मी त्यांच्याच केशोरीच्या घरात वाढलो, आणि ते खासदार झाले तेव्हा त्यांचा पी.ए. झालो. (दुसरं कोणी मला कामावर ठेवत नव्हतं, हे मामाजींनाही माहीत होतं.) माणूस देवभोळा, धोतरवाला, जुन्या वळणाचा. पक्षही जुन्या वळणाचा, पण मामाजी पक्षापेक्षा चार पावलं मागे. त्यांचं सगळं राजकारण एका वाक्यात मावायचं: "जे आहे ते काऊन बदलवता गा?" लग्नात डीजे नको, वाढदिवसाला मेणबत्ती विझवणं नको, बसथांबा आहे तिथून हलवणं नको. नागझिऱ्यात लोक पैसे भरून वाघ पाहतात, हेही त्यांना पटायचं नाही. "वाघ दिसला त झाडावर चढा लागते. फोटो कायले काढता?" असं ते वनखात्याच्या बैठकीत म्हणाले होते. पण कोणाच्या घरी मयत झाली, तर खांदा द्यायला आमचा खासदार हजर. लोक त्यांच्यावर हसायचे आणि मत त्यांनाच द्यायचे.

दिल्लीत ते फारसे बोलले नाहीत. एकदा बोलले, ते आमच्या मंडईवर. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, म्हणजे एका दिवसाची जत्रा. पाळणे, जिलेबी, दिवसभर चालणारी दंडार म्हणजे आमचं लोकनाट्य, आणि घरोघरी पाहुणे. नवीन सोयरिकी जुळायच्या त्या इथेच. मामाजी सभागृहात छाती पुढे काढून म्हणाले होते, "आमच्याकडे मंडईच्या दिवशी दारात आलेल्या माणसाला नाव विचारत नाहीत. आधी पाय धुवायला पाणी, मग ताट. जेवल्यावर तो स्वतः सांगेल तर सांगेल." घरात हा नियम कायद्यापेक्षा कडक होता. दरवर्षी आम्ही दहा-बारा अनोळखी लोकांना जेवू घालायचो, आणि ते कोण होते हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

त्या वर्षी मंडईच्या आधी मामाजींचं तिकीट लटकलं. पक्षात कोणी म्हणे वय झालं, कोणी म्हणे नवा चेहरा द्या. मामाजी वरून काही बोलत नव्हते, पण जेवणावरचं मन उडालं होतं. शेवटी निरोप आला, मंडईलाच पक्षाचा निरीक्षक घरी येतोय. तो जे सांगेल तेच होणार.

नेमका त्याच दिवशी शालूचा होणारा सासराही येणार होता. शालू म्हणजे मामाजींची एकुलती एक मुलगी, माझी मामेबहीण. सोयरीक मामीच्या बहिणीने सुचवलेली. गोंदियाचे राईस मिलवाले शेठजी. दोन्ही पाहुण्यांना मी किंवा मामीने कधी पाहिलं नव्हतं.

सकाळी मामाजींना गावकऱ्यांनी दंडारीचा नारळ फोडायला नेलं. जाताना मला म्हणाले, "राजू, निरीक्षकाले नीट सांगजो. बूथ पक्के आहेत, मामाजी दम धरून आहे, लढून राहिला."

ते गेल्याबरोबर मामीने मला चुलीजवळ ओढलं. "आन् पोराच्या बापाले सांगजो, तुह्या मामाजीनं आता राजकारण सोडलं. त्याले पुढाऱ्याचं घर आवडत नाही म्हणते. सोयरीक मोडली त मी तुले घरात घेणार नाही."

म्हणजे एकाला सांगायचं लढतात, दुसऱ्याला सांगायचं सोडलं. दोन माणसं, दोन वाक्यं. एवढं तर मलाही जमलं असतं.

आधी आला तो एसटीने. मळका सदरा, खांद्याला कापडी पिशवी, पायात झिजलेल्या चपला. मी मनात म्हटलं, मिलवाले असेच असतात, पैसा दाखवत नाहीत. पाठोपाठ दारात लांबलचक गाडी थांबली. कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता, हातात दोन फोन, आणि उतरल्या उतरल्या "क्या भई, खासदारसाब कहाँ हैं?" हा निरीक्षक नाही तर कोण? नाव विचारायचा तर प्रश्नच नव्हता. दोघांचे पाय धुतले, एकाला ओसरीत बसवलं, दुसऱ्याला आतल्या खोलीत. दोघांच्या ताटात लाखोरीच्या डाळीचे वडे वाढले.

ओसरीतल्याने हळूच विचारलं, "खासदारसाहेबांचा पुढचा काय विचार?"

"पुढचा विचारच नाही," मी म्हणालो. "सोडलं समजा. दिल्लीचं नाव काढलं तरी त्यांच्या पोटात दुखते."

"असं? मग दिल्लीला जातात तरी का?"

"जातात कुठं जी? साखरपुड्याच्या सुपारीला बोलवा, अधिवेशन सोडून येतील. एकदम घरचा माणूस."

तो घास चावायचा थांबला. "आणि वय किती झालं?"

"पंचवीस," मी शालूचं वय सांगून टाकलं.

त्याने भिंतीवरच्या मामाजींच्या फोटोकडे पाहिलं. फोटोत मामाजींच्या मिशा पांढऱ्याशुभ्र होत्या. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि वडा उचलला. मला वाटलं, खूश झाला.

मी आतल्या खोलीत पळालो. तिथे मामाजींसाठी जीव तोडून बोललो. "साहेब, मामाजींना घर माहीतच नाही. चोवीस तास जनता. पोरीचं लग्न असलं तरी मांडवात आधी सभा होईल, मग अक्षता."

कुर्तेवाल्याचा चेहरा जरा पडला. "लड़की... म्हणजे मुलगी काय करते?"

"महिला आघाडी तिच्याच हातात आहे. घोषणा देते तर नाल्यापलीकडं ऐकू येते."

"आणि स्वयंपाक?"

आता निरीक्षकाने हे विचारावं का? पण पक्ष जुन्या वळणाचा. उमेदवाराच्या पोरीला पोळ्या येतात का, हेही तिकिटाच्या अटीत असेल. मी ठोकून दिलं, "एका वेळी दोनशे कार्यकर्त्यांचा करते."

तो सरसावून बसला. मला जोर चढला. मी त्याच्या ताटातच मतदारसंघ मांडला. भाताचा ढीग म्हणजे केशोरी, वांग्याची फोड गोठणगाव, वड्याचा तुकडा नवेगाव. कुठे कोणाला हाताशी धरायचं, कोण रुसतं, कोण कशाने मानतं, मामाजींनी आयुष्यभर पायी फिरून जमवलेलं सगळं ज्ञान मी त्या ताटात ओतलं. तो भान हरपून बघत होता.

"ये तो सब अपने मिल को धान देनेवाले गाव आहेत," तो म्हणाला. "बस, इतने में इलेक्शन हो जाता है?"

त्या वाक्यातला 'अपने मिल' मला ऐकू आला. पण निरीक्षकांचीही मिल असू शकते, असं मी स्वतःला समजावलं. (मी स्वतःला फार लवकर समजावतो.)

तेवढ्यात दंडार संपवून मामाजी आले, अंगभर गुलाल. ओसरीत पिशवीवाल्याला पाहताच हात जोडून वाकले. "निरीक्षकजी, माफ करा, उशीर झाला." पक्षाच्या कुठल्याशा बैठकीत त्यांनी त्याला लांबून पाहिलं होतं म्हणे. मग आत गेले आणि कुर्तेवाल्याला कडकडून भेटले. "हे आमचे शेठजी का? तुमच्या गाडीचा नंबर गावभर झाला जी."

मी वड्यांची परात घेऊन दारात उभा होतो. ती खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. मामीने माझं तोंड पाहिलं आणि ती आत निघून गेली.

पुढचं सावरायला वेळच मिळाला नाही. निरीक्षकांना गोंदियाला परतायचं होतं आणि शेवटची बस निघून गेली होती. शेठजी म्हणाले, "चलिए ना, मी सोडतो." दोघं एकाच गाडीत बसून गेले. रस्ता लांब, शेठजी बोलके, आणि केशोरीपासून नवेगावपर्यंतचा मतदारसंघ त्यांनी नुकताच खाल्लेला.

आधी शेठजींचा फोन आला. सोयरीक पसंत. "ऐसीच बहू चाहिए. दोनशे लोकांचा स्वयंपाक आणि आवाज नाल्यापलीकडं." शालूला चहा सोडून काही येत नव्हतं, पण ते नंतरचं.

मग उमेदवारांची यादी टीव्हीवर आली. आमच्या मतदारसंघापुढे मामाजींचं नाव नव्हतं. शेठजींचं होतं.

मामाजी खाटेवर बसून राहिले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिची घडी नीट करत राहिले. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगितलं, ताटातल्या मतदारसंघापासून पंचविशीपर्यंत. सांगता सांगता रडायलाच लागलो.

"रडून काऊन राहिला गा?" ते म्हणाले. "नाव विचारू नोको, हे मीच सांगितलं होतं ना? त्या भाषणाले टाळ्या पडल्या होत्या माह्या." मग म्हणाले, "पंचवीस सांगितलं? निदान पन्नास त सांगाचं होतं."

आणि मग मामाजी व्याह्यांच्या प्रचाराला उभे राहिले. मुलीकडच्यांनी व्याह्याचा मान राखावा, हे त्यांनी जन्मभर भाषणांतून सांगितलं होतं. आता राखायची पाळी आली. उन्हातान्हात पायी फिरले, रुसलेल्यांच्या ओट्यावर जाऊन बसले, स्वतःसाठी कधी जोडले नव्हते एवढे हात जोडले. शेठजी दणकून निवडून आले. मिरवणुकीत त्यांनी मामाजींना शेजारी उभं केलं. मामाजी हसत होते, पण त्यांना टोपी डोक्यावर नीट बसवता येत नव्हती.

विजयाच्या जेवणाला शेठजी हात जोडून म्हणाले, "व्याहीजी, आपने सब कुछ दिया. आता एक अनुभवी पी.ए. पण बघून द्या."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. यादी आली त्या दिवसापासून पहिल्यांदा त्यांच्या मिशा मनापासून हलल्या.

"हा घेऊन जा ना जी," ते म्हणाले. "पोरगी देली, तिकीट देलं, आता हा भाचाही तुमचा." मग माझ्या पाठीवर थाप मारून कानाशी पुटपुटले, "जाय बापा, जसं माह्यं काम केलं तसंच व्याह्याचंही करजो. पुढच्या निवडणुकीले आपलं तिकीट वापस येते."

मी सध्या दिल्लीत आहे. नवे खासदार माझ्यावर फार खूश आहेत, आणि येत्या मंडईला पाहुण्यांची सगळी व्यवस्था त्यांनी माझ्याकडे दिली आहे. मामाजींना कळवलं, तर ते म्हणाले, आत्तापासूनच दिल्लीचं धोतर धुवायला टाकतो.