सातवा हात

रजेवर दापोलीला आलो होतो, तेव्हा सौदीतल्या आमच्या खफजीच्या कॅम्पातून सलीमचा फोन आला. "अबू सामी गेला. हार्ट." मी विचारलं, मातीला कोण कोण होतं? "इमाम, मी आणि दोघे कबर खोदणारे... आणि हो, येताना सुके बोंबील आण रे."

अबू सामी आमचा वेल्डिंगचा फोरमन, गाझाचा. तरुणपणी इस्राएलमध्ये बांधकामावर राबलेला, तिकडची भाषा फाडफाड बोलायचा. त्याचा मुलगा सामी गाझात इस्राएली गोळीबारात मेला, तेव्हा तीन दिवस अख्खा कॅम्प त्याच्या खोलीत कडू कॉफी पीत बसला होता. पुढे अम्मानच्या त्याच्या बहिणीला मुलं गमावलेल्या आईबापांच्या बैठकीत इस्राएलमधला एक ज्यू माणूस भेटला. त्याची मुलगी बसमधल्या स्फोटात गेलेली. सौदीतून इस्राएलला थेट फोन लागत नसे, म्हणून दर शुक्रवारी ती त्या माणसाचा आणि अबू सामीचा फोन जोडून द्यायची.

"काय बोलता एवढं?" मी एकदा विचारलं.

"पहिल्या दोन वेळा नुसत्या शिव्या दिल्या. आता तो विचारतो, जेवलास का. मी विचारतो, झोप लागली का."

मला भरून आलं, आणि मी ते मेसमध्ये कौतुकाने सांगितलं. मेल्या जिभेला हाड नाही माझ्या! शुक्रवारी आम्ही आठजण एका थाळ्यात जेवायचो, आमच्या कोकणातल्या दावतीसारखे. त्या शुक्रवारी अबू सामीने भातात हात घातला आणि एकेक करत सगळ्यांनी हात काढले. सातवा माझा. इस्राएलच्या ज्यूशी बोलणाऱ्याबरोबर जेवतो हे कफीलच्या, म्हणजे मालकाच्या, कानावर गेलं तर इकामा, तिथे राहायचा परवानाच, जाईल, हेच डोक्यात. त्याने मटणाचा तुकडा माझ्यापुढे सरकवला. "खा, भाई." मी हात धुवायला उठलो.

त्यानंतर वर्षभर तो कोपऱ्यात एकटा जेवला. धीर झाला नाही, असं म्हणणं सोपं आहे... खरं तर मला त्याला एकटं जेवताना बघायची सवय झाली.

गेल्या आठवड्यात अम्मानहून त्याच्या बहिणीचा फोन आला. भावाने माझा नंबर देऊन ठेवलेला. म्हणाली, "तो ज्यू माणूस रडत होता. तुम्हाला दुवा सांगितलीय. अबू सामी त्याला दर शुक्रवारी सांगायचा, सगळ्यांनी टाकलं, पण एक हिंदी भाऊ अजून माझ्या थाळ्यात जेवतो. खरंच जेवायचात ना?"

मी म्हणालो, "हो. दर शुक्रवारी."